देवाच्या वाटेवरील पाच मैल

बिदरमधील आमच्या पेठेच्या दत्तमंदिरापासून हुमनाबादजवळच्या माणिकनगरापर्यंत जाऊन परत यावयास किती मैल पडतात, हा प्रश्न आमच्या घरात १९६६ साली निघाला. त्याचे उत्तर मिळाले ते अगदी अलीकडे, गेल्या मार्गशीर्षात. प्रश्न पाचच मैलांचा होता. परंतु त्या पाच मैलांनी दोन सख्ख्या भावांच्या घरांमध्ये जे अंतर पाडले, ते मोजावयास कोणतेही यंत्र पुरले नसते. अखेर त्याचा उलगडा झाला तो एका जुन्या मोटारीच्या वेगमापकामुळे. ही हकीकत घरगुती आहे. परंतु देवस्थानाचे हिशेब ज्यांनी कधी पाहिले आहेत, त्यांस ती अगदीच परकी वाटणार नाही, अशी आमची समजूत आहे.

आमच्या भागातील माणसांनी मापे बदलताना पुष्कळ पाहिली. निजामी अमदानीतला हाली रुपया कलदार रुपयाहून हलका. सहा कलदारांस सात हाली पडत. हा हिशेब आमच्या आजोबांच्या जिभेवर असे. पुढे हाली गेला. १ एप्रिल १९५७ पासून आणे-पै जाऊन नवे पैसे आले. १ ऑक्टोबर १९५८ पासून शेर आणि मण यांच्या जागी किलो येऊ लागले, आणि त्यामागोमाग रस्त्यांवरचे मैलाचे दगड उपटून किलोमीटरचे दगड बसू लागले. इतकेच काय, जिल्ह्याचे मापही बदलले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्य मोडले, तेव्हा बिदर जिल्ह्यातील उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले; बिदर, भालकी, हुमनाबाद हे म्हैसूर राज्यात आले. सोयरीक एका राज्यात, शेत दुसऱ्यात, आणि कुलदैवत तिसऱ्यात, अशी पुष्कळांची स्थिती झाली. माप बदलले म्हणून वस्तू बदलत नाही, हे आम्ही तेव्हा तोंडाने म्हणत असू. ते खरोखर समजावयास म्हातारपण यावे लागले.

आमचे थोरले काका बिदरच्या न्यायालयात वकिली करीत. १९५९ साली त्यांनी हैदराबादेस जाऊन एक जुनी मॉरिस मायनर विकत घेतली. ही लहानशी, पाठीला बाक असलेली मोटार इंग्लंडात त्या काळी फार लोकप्रिय होती. दहा लाखांचा आकडा गाठणारी ती त्या देशातील पहिली मोटार. आमच्या पेठेत मात्र तिचे नाव 'कासव' असे पडले. तिच्या आतील फळीवर मधोमध एकच मोठी तबकडी असे. वेग दाखविणारा काटा तीवरच, आणि काट्याखाली आजवर चाललेले मैल सांगणारे आकडेही तीवरच. लहानपणी मागच्या बाकावरून पुढे वाकून ते आकडे पालटताना पाहणे, हे आमचे सर्वांत मोठे कौतुक होते.

माणिकप्रभूंच्या समाधीचे दर्शन हा आमच्या मंदिरातील वृद्ध भक्तांचा दर पौर्णिमेचा नेम होता. मोटार आली तेव्हापासून काका चार वृद्धांना घेऊन माणिकनगरास जात. मंदिराचा नैवेद्य आणि पंचांनी दिलेले सामानही बरोबर असे. पंचांनी ठराव करून मैलामागे पंचवीस नवे पैसे पेट्रोलखर्च देऊ केला. काका निघताना आणि परतल्यावर आकडा पाहून पावती लिहीत. हाच आकडा ते मोटारीतील एका लांबट वहीतही टिपून ठेवीत. १९५९ पासून १९६२ च्या दिवाळीपर्यंत अशा बावीस फेऱ्या झाल्या, आणि प्रत्येक पावतीवर एकच आकडा होता : त्रेसष्ट मैल.

१९६३ च्या आरंभी आमचे वडील, ज्यांस आम्ही अण्णा म्हणतो, मंदिराचे हिशेबनीस झाले. ते शाळेत गणित शिकवीत. हिशेबात पैची चूक त्यांस खपत नसे, आणि ती स्वतःची असली तर मुळीच खपत नसे. काकांच्या फेऱ्या चालूच होत्या. त्यानंतरच्या तीस फेऱ्यांच्या पावत्या अण्णांच्या हातून गेल्या, आणि प्रत्येकीवर आकडा होता अठ्ठावन मैल.

१९६६ साली मंदिराचे मागील सात वर्षांचे हिशेब एकत्र लिहून काढावयाचे ठरले, तेव्हा जुन्या पावत्या प्रथमच अण्णांच्या दृष्टीस पडल्या. तोच रस्ता, तीच मोटार, तेच देऊळ. मग पूर्वी त्रेसष्ट आणि आता अठ्ठावन, हे कसे? आणि हा फरक पडला नेमका केव्हा, तर नवा, कडक हिशेबनीस आला तेव्हा! गणिताच्या शिक्षकाने यावरून जो निष्कर्ष काढावयाचा तो काढला. अण्णा तो मनात ठेवते तर गोष्ट निराळी. त्यांनी तो पंचांच्या बैठकीत, सर्वांदेखत, पावत्या पुढे ठेवून विचारला. "दादा, हे पाच मैल कुठे गेले?" एवढेच त्यांचे शब्द होते, असे आम्ही पुढे पुष्कळांच्या तोंडून ऐकले.

काकांनी उत्तर दिले, "काट्याने जे दाखविले ते मी लिहिले." त्यापुढे ते बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी बावीस फेऱ्यांचे, फेरीमागे पाच मैल, म्हणजे एकशे दहा मैलांचे सत्तावीस रुपये पन्नास पैसे मंदिराच्या पेटीत भरले, पावती घेतली नाही, आणि पंचपदाचा राजीनामा दिला. त्याच वर्षी ते वकिलीसाठी उदगीरला जाऊन राहिले. राज्याची सीमा आमच्या घरामधून गेली ती १९५६ साली नव्हे, १९६६ साली गेली, असे आमची आजी म्हणे. पुढे लग्नकार्यांत दोन्ही घरे एकमेकांकडे गेली नाहीत असे नाही. अक्षता पडल्या, पंगती उठल्या. परंतु दोघे भाऊ एका पाटावर शेजारी बसले, असे आम्ही त्यानंतर पाहिले नाही. काका १९९४ साली वारले. अण्णा उदगीरला गेले, तेराव्यापर्यंत राहिले, आणि परत आल्यावर त्याविषयी एक अक्षरही बोलले नाहीत.

दोन वर्षांपूर्वी आमच्या चुलतभावाचा निरोप आला : उदगीरच्या पडवीत मोटार तीस वर्षे धूळ खात पडली आहे, भंगारवाला रोज विचारतो, तुम्हांस हवी असल्यास न्यावी. आमची नोकरी संपलेली, हातात वेळ होता. लॉरीवर घालून आम्ही ती बिदरला आणली. अण्णांनी खिडकीतून पाहिले, आणि पडदा सारला.

इंजिन, ब्रेक, तारा या सर्वांचा खटाटोप वर्षभर चालला. तो सांगत बसलो तर लेख मोटारीचाच होईल. शेवटी उरला तो वेगमापक. मोटार चालू लागली, परंतु काटा कधी शून्यावर निजलेला, तर कधी एकाएकी साठावर उडी घेऊन थरथरत राही. आणि तबकडीमागून भिंगरी घासल्यासारखा आवाज येई. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका मिस्त्रींचे दुकान आहे. त्यांचे आजोबा बिदरीच्या भांड्यांत चांदीची तार बसविण्याचे काम करीत. नातवाच्या बोटांत ती नजाकत उतरली आहे. त्यांनी तबकडी कानाशी धरल्यागत ऐकली आणि म्हणाले, "काटा तो बेचारा नौकर है साब. तार जो बोली, वोइच बोलता."

या यंत्राची रचना थोडक्यात सांगितली पाहिजे, कारण पुढील सारा उलगडा तीवरच अवलंबून आहे. गिअरच्या पेटीपासून तबकडीपर्यंत एक लवचीक तार नळीतून आलेली असते. चाके फिरतात तशी ही तार आपल्याभोवती फिरते. तबकडीमागे तिच्या टोकाला लहानसे लोहचुंबक बसविलेले असते. त्याभोवती अॅल्युमिनियमची एक हलकी वाटी असते. चुंबक तिला कोठेही स्पर्श करीत नाही. परंतु चुंबक फिरू लागले की वाटीत विजेचे भोवरे उठतात, आणि ती चुंबकामागे ओढली जाऊ पाहते. वाटीच्या आसाला घड्याळातल्यासारखी केसाएवढी बारीक कमान असते. ती तिला मागे खेचते. ओढ आणि आवर यांचा जेथे तोल साधतो, तेथे काटा उभा राहतो. ही युक्ती ओट्टो शुल्झे नावाच्या जर्मन संशोधकाने १९०२ साली काढली, आणि शंभर वर्षांत तिच्यात मूलतः फारसा फरक पडला नाही. मैलांचे आकडे मात्र या ओढीवर चालत नाहीत. त्याच तारेवरून दात्यांच्या चाकांची एक साखळी आकड्यांच्या चकत्यांपर्यंत जाते. तेथे चुंबक नाही, कमान नाही; अमुक फेरे झाले की एक मैल, असा रोखठोक हिशेब.

मिस्त्रींनी तबकडीमागे हात घालून कंगोऱ्याचे बोंडे सैल केले, आणि तार नळीतून ओढून काढली. तीस वर्षांत वंगण वाळून काळा डिंक झाला होता, आणि एके ठिकाणी तारेचे पदर विस्कटले होते. अशी तार नळीत अडते, पीळ खाते, मग एकदम सुटते; काटा थरथरतो तो यामुळे. नवी तार हैदराबादेहून आली. नळी रॉकेलने धुतली. तारेला वंगण लावावयाचे ते खालच्या दोन भागांस. वरचा तिसरा भाग कोरडा ठेवावयाचा, नाहीतर फिरत्या तारेबरोबर वंगण वर चढते आणि वाटीत शिरून काटा चिकटवून टाकते. नळीला कोठेही तीव्र वळण राहू नये म्हणून तिची वाट थोडी बदलली. संध्याकाळी मोटार फाटकाबाहेर काढली, तेव्हा काटा शांतपणे, मापाने वर चढला. आमचे काम झाले, असे आम्हांस वाटले.

दुसऱ्या दिवशी आम्ही हुमनाबादच्या रस्त्यास लागलो. काटा स्थिर आहे, हे ठीक. पण खरा आहे काय? त्याची परीक्षा सोपी आहे. किलोमीटरच्या दोन दगडांमधील अंतर बरोबर साठ सेकंदांत तोडले, तर वेग ताशी साठ किलोमीटर, म्हणजे सव्वासदतीस मैल. आम्ही मोटार एका वेगाने ठेवली, सौभाग्यवतींनी घड्याळ धरले. दगड ते दगड साठ सेकंद भरले. काटा मात्र साडेचौतिसावर. पुन्हा पाहिले, पुन्हा तेच. मग आकडे तपासले. वीस किलोमीटर म्हणजे बारा मैलांहून थोडे अधिक, जवळजवळ साडेबारा. आकड्यांनी दाखविले साडेअकरा.

मिस्त्री म्हणाले, कमान ताठ झाली असेल, किंवा चुंबक म्हातारे झाले असेल. म्हणून काटा कमी दाखवितो. हे काट्यापुरते खरे असू शकते. परंतु आकडे? त्यांना चुंबकाशी आणि कमानीशी कर्तव्य नाही. दाते झिजोत वा न झिजोत, अठरा दात्यांचे साडेसोळा होत नाहीत. काटा आणि आकडे दोन्ही एकाच प्रमाणात कमी दाखवितात, याचा अर्थ एकच : यंत्र बिघडलेले नाही, ते या मोटारीचेच नव्हे.

तबकडीच्या खालच्या कडेला, सहज दिसणार नाही अशा बारीक अक्षरांत, १६०० हा आकडा छापला होता. तारेचे इतके फेरे झाले की एक मैल, असे हे यंत्र समजते. आमच्या मोटारीची तार मैलामागे खरोखर किती फेरे घेते, ते पाहावयाचे होते. त्याची कृती जुन्या कारागिरांच्या पुस्तकांत दिलेली असे. तार तबकडीपासून सोडवावयाची, तिच्या टोकाला कागदाची बारीक पताका लावावयाची, आणि मोटार हाताने सरळ ढकलीत मागील चाकाचे सहा पूर्ण फेरे होऊ द्यावयाचे. तेवढ्यात तारेचे किती फेरे झाले ते मोजावयाचे, त्यास १६८० ने गुणावयाचे, आणि चाकाच्या मध्यापासून जमिनीपर्यंतच्या इंचांनी भागावयाचे. १६८० हा आकडा आकाशातून पडलेला नाही. मैलात इंच ६३,३६०. चाकाच्या सहा फेऱ्यांचे अंतर काढताना त्रिज्येस जो गुणक लागतो, त्याने त्यांस भागले की एवढेच उरते.

अंगणात ही मोजणी चालली असता अण्णा बाहेर आले. वय नव्वदीला टेकलेले, हातात काठी. फेरे मोजताना आमची दोनदा चूक झाली, ती त्यांस ऐकवली नसावी. खुर्ची मागवून ते दाराशी बसले आणि म्हणाले, "पताका मला दिसेल अशी धर. मी मोजतो." मोटारीच्या इतक्या जवळ ते १९६६ नंतर प्रथमच आले होते.

चाकाचे सहा फेरे झाले. अण्णा म्हणाले, "दहा, आणि वर एक अष्टमांश." त्रिज्या भरली साडेअकरा इंच. एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर त्यांनी स्वतः गुणाकार-भागाकार मांडला. दहा पूर्णांक एक अष्टमांश गुणिले १६८०, म्हणजे १७,०१०. भागिले साडेअकरा, म्हणजे १४७९. मोटार मैलामागे १४७९ फेरे घेते, आणि यंत्र १६०० फेरे झाल्यावाचून मैल झाला असे मान्य करीत नाही. शेकडा साडेसात मैल यंत्र गिळून टाकते.

"म्हणजे शंभरास साडेब्याण्णव," अण्णा पुटपुटले. पेन्सिल थांबली. मग त्यांनी खाली, कोणी न सांगता, आणखी एक गुणाकार केला : त्रेसष्ट गुणिले साडेब्याण्णव, भागिले शंभर. उत्तर आले अठ्ठावन आणि किंचित वर.

बराच वेळ ते त्या आकड्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "दादाची वही मोटारीत असेल. काढ."

वही होती. मोटारीबरोबरच ती आली होती. आम्ही ती चाळली होती, परंतु ज्याला प्रश्न ठाऊक नाही त्याला उत्तर दिसत नाही. १९६२ च्या कार्तिकातील पानावर काकांच्या वळणदार अक्षरांत एक ओळ होती : मीटरचा काटा अडला म्हणून हैदराबादेस दुरुस्तीस दिला, आठ दिवसांनी परत आला, पस्तीस रुपये. त्यावरच्या पौर्णिमेस त्रेसष्ट; त्याखालच्या पौर्णिमेस अठ्ठावन. दुरुस्ती करणाराने आमचे यंत्र दुरुस्त केलेच नव्हते. कोठल्या तरी दुसऱ्या मोटारीचे, दिसावयास तसेच, आपल्यापाशी पडलेले यंत्र बसवून दिले, आणि संशय येऊ नये म्हणून आकड्यांच्या चकत्या फिरवून जुन्याच आकड्यावर आणून ठेवल्या. काकांस ते कळावयास मार्ग नव्हता. आणि हे घडले दिवाळीच्या सुमारास. अण्णा हिशेबनीस झाले ते त्यानंतर दोनच महिन्यांनी. दोन गोष्टी लागोपाठ घडल्या, आणि गणिताच्या शिक्षकाने एकीस दुसरीचे कारण ठरविले.

त्रेसष्ट खरे होते. अठ्ठावन खोटे होते. काकांनी बावीस फेऱ्यांत एकही मैल जास्त लावला नव्हता. उलट पुढच्या तीस फेऱ्यांत फेरीमागे पाच मैल कमी घेतले होते. अण्णांनी पत्रिकेच्या कोपऱ्यात तोही हिशेब केला. पेटीत भरलेले साडेसत्तावीस आणि न घेतलेले साडेसदतीस, एकूण पासष्ट रुपये देवस्थानाकडून काकांचे येणे निघाले.

"मी पावत्या पाहिल्या," अण्णा म्हणाले. "वही मागितली नाही. आणि मैलाचे दगड त्या रस्त्यावर होतेच. चार दिवस शाळा बुडवून मोजीत गेलो असतो, तरी पुरे होते." आम्ही म्हणालो, त्या वर्षांत दगड बदलत होते, काही मैलांचे, काही किलोमीटरचे, काही उपटलेले. त्यांनी मान हलविली. "दगड बदलत होते म्हणून गेलो नाही, असे नाही. मला उत्तर अगोदरच ठाऊक होते, म्हणून गेलो नाही."

पुढच्या गुरुवारी त्यांनी पहाटे स्नान केले, दत्तास फूल वाहिले, आणि पत्रिका खिशात घालून मोटारीत पुढच्या बाकावर येऊन बसले. भालकी, कमलनगर करीत आम्ही उदगीरला निघालो. वाटेत ते एकदाच बोलले. काटा तिसावर होता; तो पाहून म्हणाले, "साडेबत्तीस."

काकू अण्णांहून दोन वर्षांनी मोठ्या. नजर अधू झाली आहे, कान तिखट आहेत. मोटारीचा आवाज ओळखून त्या उंबऱ्याशी येऊन उभ्या होत्या. अण्णांनी वाकून नमस्कार केला, आणि बसण्यापूर्वीच खिशातील पत्रिका काढली. "वहिनी, दादाचे त्रेसष्टच बरोबर होते. चूक माझी होती. हिशेब आणला आहे." त्यांनी तो पहिल्यापासून वाचून दाखविला, फेरे, इंच, गुणाकार, काही गाळले नाही. आवाज मध्येच अडखळला, परंतु आकडा चुकला नाही.

काकूंनी सारे ऐकून घेतले. आम्हांस वाटले, त्या रडतील, किंवा म्हणतील की झाले गेले विसरून जावे. त्या म्हणाल्या, "भावजी, त्यांना आकड्याचे दुःख कधीच नव्हते. ते म्हणायचे, धाकट्याने देवाचा पैसा विचारला हे चांगलेच केले, विचारायलाच हवा. पण रात्री जेवायला घरी आलाच होता. तेव्हा पानावर विचारले असते, तर मी वही काढून दाखविली असती, असे म्हणायचे." थोड्या वेळाने त्याच पुन्हा म्हणाल्या, "वही दाखवायला त्यांनाही यायला हवे होते. तेही गेले नाहीत. हट्टी तुम्ही दोघेही." आणि आत वळून सुनेस म्हणाल्या, "भावजींना चहा बिनसाखरेचा कर ग."

परत येताना आम्ही त्याच गोष्टीचा विचार करीत होतो. यंत्राची चूक सापडली म्हणजे सर्व उलगडले, असे आम्हांस अंगणात वाटले होते. ते खरे नव्हते. मीटर खोटे होते. पण भाऊ दुरावले ते मीटरमुळे नव्हे. अण्णांनी शंका घेतली याला दोष देता येत नाही; देवस्थानाच्या हिशेबनिसाने शंका घेतली नाही, तर त्याने ते पद घेऊच नये. परंतु शंका विचारण्याची एक जागा असते. चारचौघांत विचारलेला प्रश्न हा प्रश्न राहत नाही, तो निकाल होतो; आणि निकाल लागल्यावर आरोपी पुरावा शोधीत नाही, मान सांभाळतो. त्रेसष्ट आणि अठ्ठावन यांमधील पाच मैल आता भरून निघाले. बैठक आणि जेवणाचे पान यांमधील अंतर भरून निघावयास काका हयात नाहीत.

मंदिराच्या पंचांस अण्णांनी पत्र लिहून सर्व हकीकत कळविली. पासष्ट रुपये परत मागितले नाहीत. देवाच्या पेटीत पडलेले मागावयाचे नसते, असे त्यांचे म्हणणे. त्यांची मागणी एवढीच होती की १९६६ च्या इतिवृत्तात जेथे काकांच्या पावत्यांविषयी शेरा आहे, त्याच्या शेजारी हे पत्र लावावे. पंच आता तिसऱ्या पिढीचे आहेत. त्यांनी ते लगेच लावले, आणि पुढील बैठकीत मोठ्याने वाचूनही दाखविले. जे चारचौघांत बोलले गेले, ते चारचौघांतच परत घेतले गेले, हे योग्यच झाले.

मीटर तसेच ठेवावे, आठवण म्हणून, असे आम्हांस वाटत होते. अण्णांनी साफ नकार दिला. "खोटे माप घरात ठेवू नये." तेव्हा मिस्त्रींनी हैदराबादच्या एका कारागिराकडून तारेच्या मध्ये बसणारी लहानशी दात्यांची डबी करवून आणली, ती १४७९ फेऱ्यांचे १६०० करून पुढे देते. पुन्हा हुमनाबादच्या रस्त्यावर वीस किलोमीटर मोजले. आकडे साडेबारास किंचित कमी आले, म्हणजे बरोबर आले. मिस्त्रींनी विचारले, आकड्यांच्या चकत्या शून्यावर आणू काय, सारे नव्याने सुरू होईल. अण्णा म्हणाले, एकदा कोणीतरी चकत्या फिरवल्या होत्या, तेवढे पुरे झाले.

काकांच्या वहीत शेवटची नोंद १९९३ सालची होती. त्याखाली एक ओळ सोडून अण्णांनी आपल्या थरथरत्या अक्षरांत तारीख घातली आणि लिहिले : मीटर दुरुस्त. कार्तिक १९६२ पासून आजपर्यंतचे सर्व आकडे कमी आहेत. वाचणाराने शंभरामागे आठ मिळवून घ्यावे. खाली सही केली, आणि सहीच्या खाली, हिशेबनिसाच्या जुन्या सवयीने, 'तपासले' असे लिहिले.

मार्गशीर्ष पौर्णिमेस, दत्तजयंतीच्या दिवशी, आम्ही त्यांस घेऊन माणिकनगरास गेलो. मागच्या बाकावर पेठेतील दोन वृद्ध होते, आणि उदगीरहून आदल्या दिवशी आलेल्या काकू. रस्ता आता रुंद झाला आहे, वळणे सरळ झाली आहेत. जुना आकडा पुन्हा भरणार नाही, हे आम्ही त्यांस अगोदरच सांगितले होते. परत मंदिरापाशी उतरल्यावर अण्णांनी चष्मा पुसून तबकडीकडे पाहिले, वही मागितली, आणि जो आकडा दिसला तो लिहिला.